सुरतेचं जमण

‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण.’ मॉरिशसचा बेत आखायला वही उघडली, दोन ओळी लिहिल्या आणि तिसरी ओळ ही लिहिली गेली. तेव्हापासून ही म्हण पिच्छा सोडत नाही.

बेत तसा साधाच आहे. मुंबईहून विमान, आठ दिवस, पोर्ट लुईजवळ मुक्काम. बेट साधारण 1865 चौरस किलोमीटरचं, आमच्या सुरत जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान, पण जिकडे पाहावं तिकडे डोंगर. सगळ्यांत उंच शिखर 828 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या साधारण निम्मं. पीटर बोथ नावाच्या डोंगराच्या टोकावर तर एक प्रचंड धोंडा कुणी तोलून ठेवावा तसा बसलेला आहे. तिथले भोजपुरी लोक त्याला मुडिया पहाड म्हणतात. हे सगळं बघायचंच आहे. पण यादी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, डोंगर तीन आणि खायचे जिन्नस अकरा. सुरतेचा माणूस जेवायला समुद्रापार निघालाय!

आईनं ही म्हण पहिल्यांदा ऐकली ती 1984 साली, उधन्याच्या चाळीत, शेजारच्या बेनकडून. आम्ही अमळनेरहून नुकतेच आलो होतो. बाबा लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करायचे. आईला गुजराती येत नव्हतं. ‘जमण’ म्हणजे जेवण, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. तिनं आपलं मराठी ‘जमणं’ त्यात बसवलं. सुरतेला ज्याचं जमलं त्याचं जमलं. नाहीतर आहेच काशी! पुढची कितीतरी वर्षं गावाकडून जो कुणी वळकटी घेऊन भुसावळ-सुरत गाडीनं उतरायचा, त्याला पहिल्या चहाबरोबर आई हेच सांगायची. इथे जमतं रे. थोडं थांब, जमेल. मामा थांबला, त्याचं जमलं. धाकटा काका चार महिन्यांत परत गेला.

मी अकरा वर्षांचा होईपर्यंत मलाही तोच अर्थ ठाऊक होता. मग वर्गातल्या एका मित्राच्या घरी उंधियूच्या पंगतीत खरा अर्थ कळला. घरी येऊन आईला सांगितला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘असेल. पण जमल्याशिवाय जेवण कुठून येतं?’

खरं तर म्हणीचा सरळ अर्थच मला नीट लागत नाही. काशीत मरण आलं की माणूस सुटतो, पुन्हा जन्म नाही, अशी श्रद्धा. म्हणजे ते कायमचं. आणि जेवण? चार तासांनी पुन्हा भूक. मग ही दोन एका दोरीत का बांधली? कदाचित जागेचं महत्त्व सांगायला. सकाळी साडेसहाला लोचोच्या गाडीवर उभं राहावं. कारागीर डब्यातून तो वाफाळता, मऊ, धड आकार नसलेला गोळा उलथण्यानं कागदी डिशमध्ये पसरतो, वरून तेल, मसाला, शेव, बारीक कांदा, हिरवी चटणी. तोच लोचो मी पुण्यात खाल्लाय. नव्हता तो. का नव्हता, ते मला सांगता येणार नाही.

आणि हा लोचो तरी काय, तर सुरतेत सांगतात त्याप्रमाणे बिघडलेलं खमण. इथला खावसा ब्रह्मदेशातून परतलेल्या कुटुंबांबरोबर आला. नानकटाईच्या गोष्टीत डच येतात. बंदराचं गाव, ताटात निम्मं समुद्रावरून आलेलं. मग सुरतेचं जमण म्हणजे नेमकं कुणाचं जमण?

वहीत दालपुरीवर गोल काढून ठेवलाय. शिजवून वाटलेली डाळ पिठाच्या पारीत भरून पातळ लाटतात, तव्यावर भाजतात. पुरणपोळीच, फक्त गूळ नाही. रस्त्याच्या गाडीवर ती जोडीनं देतात. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं रुगाय आणि तिखट चटणी, वर कागदाची गुंडाळी. ती तिथे पोचली मजुरांबरोबर. गुलामगिरी उठणार होती आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 ला अ‍ॅटलस जहाजातून 36 जण उतरले; पुढच्या दशकांत साडेचार लाखांच्या आसपास. बिहारचे होते, तामीळ होते, आणि मुंबई बंदरातून चढलेले आपले रत्नागिरीकडचे लोकही होते. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर त्यांच्यातल्या कित्येकांनी चढलेल्या दगडी पायऱ्या अजून आहेत.

त्या पायऱ्या आणि दालपुरी माझ्या यादीत एकाच दिवसावर आहेत. सकाळी पायऱ्या, दुपारी दालपुरी. हेच मला टोचतंय. ते लोक भुकेपोटी गेले आणि मी चव बघायला चाललोय. पायऱ्या दुसऱ्या दिवशी ठेवल्या, मग पुन्हा पहिल्या दिवशी आणल्या. दालपुरी आधी खावी की नंतर, याचाही विचार करून झाला. कधी वाटतं, खाणं हाच त्यांना नमस्कार. जे त्यांनी जमवलं ते आपण जिभेवर घ्यावं. कधी वाटतं, ही माझी सोय आहे. सुरतेतही उद्या कुणी लांबून येईल आणि लिंबायतच्या आमच्यासारख्या एखाद्या घरात कळण्याची भाकरी आणि ठेचा मागेल, किती छान म्हणेल. मला आवडेल का ते? बहुतेक आवडेल. आईला आवडेल का, सांगता येत नाही.

काल तिला नकाशा दाखवला. डाळ निवडत होती. डोंगरांवरून, समुद्रावरून बोट फिरवलं, धोंड्याच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘तिथं आपल्याला जमेल का?’

बेत मी दोघांचाच केला होता, माझा आणि बायकोचा. आई पंचाहत्तरची आहे. तिच्याकडे पासपोर्ट नाही.