पुसण्याआधी पेन्सिल

नव्या पेढीत पाऊल टाकलं की मी आधी टेबलावरच्या गठ्ठ्यावरून बोट फिरवतो. शेठला वाटतं, मेहताजी धूळ बघतायत. मी तारीख बघत असतो. भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्याला चिकटून प्लायवूडची केबिन असते. तिच्या फटी कितीही बुजवा, सुताची पांढरी भुरी आत येतेच. आठवडाभर पडलेला कागद बोटाला नुसता खरखरीत लागतो. महिन्याचा असेल तर बोटाला पीठ लागल्यासारखं होतं. आणि पावसाळ्यापासून न हललेल्या कागदावरची भुरी चिमटीत धरून सालासारखी सोलता येते. कोणता कागद कधीपासून पडून आहे, हे शेठपेक्षा ती भुरी खरं सांगते.

तीस वर्षं मी सुताच्या आणि कापडाच्या व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितोय. हल्ली निम्मं काम दप्तर लावून देण्याचं असतं. दसरा झाला की फोन सुरू होतात, "मेहताजी, दिवाळीआधी तेवढं टेबल आवरून द्या." गेलो की नवे ट्रे, नवे खण, प्लास्टिकचे डबे कौतुकाने दाखवतात. माझा पहिला प्रश्न खणांचा नसतोच. मी एकेक कागद उचलतो आणि विचारतो, हा मरणार कधी?

कारण प्रत्येक कागदाला आयुष्य असतं. भिवंडीहून सुरतेला ट्रक निघाला, तर त्याच्या ई-वे बिलाची मुदत दोन दिवसांची. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस, असा नियम आहे. माल पोचल्याची पावती आली की छापील प्रत बिलाला टाचायची आणि टेबलावरून उठवायची. डिझेलच्या, टोलच्या पावत्या त्याहून अल्पायुषी. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उन्हात विरून जातात, म्हणून झेरॉक्स त्याच दिवशी.

जॉबच्या चलनाचं आयुष्य एक वर्षाचं. व्यापारी मागवाल्याकडे विणायला बीम आणि सूत पाठवतो, ते कापड होऊन वर्षाच्या आत परत यावं लागतं. नाही आलं, तर जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे ते ज्या दिवशी पाठवलं त्याच दिवशी विकलं, असं धरतात. हिशेबाच्या वह्या आणि बिलं मात्र वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायची. म्हणजे २०२३-२४ चा गठ्ठा ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हलवायचा नाही; अपील चालू असेल तर त्याहून पुढे.

एवढं कळलं की जागा आपोआप ठरते. दिवसांचे कागद टेबलावर, हाताच्या टप्प्यात. वर्षाचे उजव्या खणात, महिन्यामागे एक अशा बारा फायलींत, उभे. दर महिन्याच्या एक तारखेला अकरा महिन्यांपूर्वीची फाईल उघडायची. तिच्यात जे चलन परतीच्या चलनाविना एकटं उरलं असेल, त्याच्या मागवाल्याला फोन करायचा. सहा वर्षांचे कपाटात. टेबलावर आणखी दोनच वस्तू राहू देतो. सुताचा रिकामा कोन, पेनं ठेवायला. आणि एक जुना धोटा. पंख्याखाली कागद दाबायला याच्यासारखं वजन नाही. शिवाय कांडी बसायची त्या खाचेत टाचण्या आणि यू-पिना बरोबर मावतात.

टेबलाची चिंता आजची नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचाच आहे. बरू, सुरी-कातरी इथपासून पुस्तकं जपायच्या पेट्या-कुलपांपर्यंत सगळ्याची यादी समर्थांनी त्यात दिली आहे. पेशवाईचं दप्तर रुमालांत बांधलेलं होतं. त्या कापडी गाठोड्यांतून निवडून गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत ४५ खंड छापून काढले. प्रकरण बासनात गुंडाळलं, असं आपण आता ते बुडालं या अर्थाने म्हणतो. पण बासनात होतं म्हणूनच तर ते वाचलं! मी आजही कपाटातला वर्षाचा गठ्ठा ग्रे कापडाच्या तुकड्यात बांधतो. भुरी आत जात नाही, आणि वरच्या चिठ्ठीवर गठ्ठा कशाचा याआधी तो कधी सोडायचा ती तारीख असते.

ही तारीख लिहायची अक्कल मला फुकट आली नाही. जीएसटी आल्यानंतरची तिसरी दिवाळी. एका व्यापाऱ्याच्या पेढीत मी दोन दिवस खपून टेबल, खण, कपाट आरशासारखं केलं. पोऱ्याने ओल्या फडक्याने फाईल न् फाईल पुसली. पाडव्याला नवी वही सुरू होते, म्हणून मन म्हणतं वर्ष संपलं. सरकारी वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. दिवाळी येते ती त्याच्या ऐन मध्यावर, निम्मे कागद जिवंत असताना. भुरी पुसली गेल्यावर जुनं-चालू सगळं एका वयाचं दिसायला लागलं, आणि कापड परत आल्याच्या चलनांचा एक गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत गेला. पुढच्या वर्षी जीएसटी खात्याची विचारणा आली. बीम गेल्याचे कागद होते, कापड परत आल्याचे नव्हते. कागदोपत्री माल गेला तो गेलाच.

वाचवलं ते कापड विणून देणाऱ्या मागवाल्याने. त्याच्या कारखान्यात टेबल असं नव्हतंच. खिडकीच्या गजाला एक वाकडी तार लटकत होती आणि आलेला प्रत्येक कागद तो तिच्यात टोचत होता. तारेवर तूस जमून तिचा कापसाचा बोळा झाला होता. पण तार आपला क्रम सोडत नाही. काल टोचलेला वर, परवाचा त्याच्या खाली. आम्ही वरून मोजत गेलो आणि आमच्या चलनांच्या दुय्यम प्रती ओळीने सापडल्या. माझ्या आरशासारख्या कपाटाला त्या तारेने हरवलं.

युकिओ नोगुची या जपानी अर्थतज्ज्ञाने १९९३ साली एक पुस्तक लिहून हेच सांगितलं, हे मला फार उशिरा कळलं. कागद विषयवार लावू नका. पाकिटात घालून उभे ठेवा आणि वापरलेलं पाकीट दर वेळी डाव्या टोकाला परत लावा. न लागणारी पाकिटं आपोआप उजवीकडे सरकत जातात. आमच्या मागवाल्याने जपान पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे फक्त तार होती, आणि तिला कुणी हात लावला नव्हता.

म्हणून मी आवरणं सोडलं नाही, आवरायचा क्रम बदलला. यंदाही एका केबिनमध्ये पोऱ्या बादली आणि ओलं फडकं घेऊन तयार उभा होता. शेजारी मागांची खडखड चालू होती, टेबलावर पांढरा थर. त्याने फडकं पिळलं आणि पहिल्या गठ्ठ्याकडे हात नेला.

"काका, इथून सुरू करू?"

"थांब," मी म्हटलं. "त्या कोनातली पेन्सिल दे आधी."

मग मी वरच्या कागदावरून बोट फिरवलं, त्याची तारीख वाचली आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याची मुदत लिहिली.

"हं, आता हा पूस."