गॅरेजमधली होडी

पीटरबरो हे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातले, ओटोनाबी नदीकाठचे शहर. आमची लेक आणि जावई तिथे असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता बेळगावहून पोहोचलो, तर गाडी बाहेर उन्हात उभी आणि गॅरेजभर लाकडाच्या पट्ट्या! जावईबापू घरीच कनू बांधत होते. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने हाकायची होडी. मूळची ही तिथल्या आदिवासींची, भूर्जाच्या सालीची. पीटरबरोत दीडशेएक वर्षांपासून लाकडी कनू बनत आल्या आहेत. खास कनूचे संग्रहालयही तिथे आहे. त्याची नवी इमारत २०२४ साली तळ्याकाठी उघडली.

माझे वडील शहापुरात सुतारकाम करीत. मी बँकेत चिकटलो आणि रंधा कधी हाती धरला नाही. ती रुखरुख सत्तरीत अशी परदेशी गॅरेजात भेटेल असे वाटले नव्हते.

ही होडी उलटी बांधतात. फूट-फूट अंतरावर प्लायवूडचे साचे उभे करायचे आणि त्यांवर सीडरच्या पट्ट्या एकेक करून वाकवत चिकटवायच्या. पट्टी पाव इंच जाड, पाऊण इंच रुंद. एका कडेला पन्हळ, दुसरीला गोलाई. त्यामुळे वळणावरही फट राहत नाही. सीडरचा वास तर असा, की आमची मंडळी चहा घेऊन तिथेच येऊन बसत. मग घासकाम. पॉलिशपेपर घासून घासून माझी बोटे सोलली, पण वडिलांसारखी तळव्याने लाकडाची उंचसखल ओळखू लागलो.

त्यावर फायबरग्लासचे पांढरे कापड पसरून इपॉक्सी ओततात. कापड भिजले की काचेसारखे पारदर्शक होते आणि खालचे लाकूड उजळते. जावई म्हणाले, "बाबा, हे संध्याकाळी करू, लाकूड निवत असताना." मला धीर कुठला? "उजेडात बरे दिसेल," म्हणून मीच सकाळी सुरुवात करायला लावली. ऊन चढले, लाकूड तापले, आतली हवा फुगून बाहेर निघाली आणि कापडाखाली बुडबुडेच बुडबुडे! वडील असते तर हातातली पटाशी फेकली असती. जावई काही बोलले नाहीत. दोन दिवस बसून त्यांनी खराब भाग खरवडला, ठिगळे लावली. तरी चार-पाच पांढुरके ठिपके राहिलेच.

ऑगस्टमध्ये होडी पाण्यात घातली. सोळा फूट लांब, पण वजन पंचवीस किलोच्या आसपास. मधल्या आडव्या लाकडाला तिथे 'योक' म्हणतात, म्हणजे आपले जूच. ते मानेवर घेऊन जावयांनी एकट्याने होडी तळ्यापर्यंत नेली.

मंडळी भीतभीत मध्ये बसली. पायाशी पाहून विचारू लागली, "एवढी सुंदर होडी, आणि हे डाग कसले हो?"

मी वल्हे थांबवले. मागून जावई म्हणाले, "लाकडातलेच आहेत, आई."