तेगेलच्या दारातला फ्रान्झ

एरवी गोष्टीतला माणूस तुरुंगातून सुटला की आपण निःश्वास टाकतो. आल्फ्रेड डोब्लिनच्या 'बर्लिन आलेक्झांडरप्लाट्झ' (१९२९) या कादंबरीत उलटं आहे. फ्रान्झ बीबरकोफ चार वर्षं शिक्षा भोगून तेगेलच्या तुरुंगाबाहेर येतो, आणि शिक्षा आता सुरू होते असं लेखक बजावतो. फ्रान्झ ४१ नंबरची ट्राम पकडून शहरात येतो, तर घरांची छपरं घसरून अंगावर येतील या भीतीने कासावीस होतो.

आता सरळ जगायचं, एवढीच त्याची प्रतिज्ञा. शहर त्याला तीन तडाखे देतं. आधी ल्यूडर्स फसवतो, मग राइनहोल्ड चालत्या मोटारीतून ढकलतो आणि फ्रान्झचा उजवा हात जातो, शेवटी तोच राइनहोल्ड त्याच्या मीत्सेचा खून करतो. मधल्या काळात फ्रान्झ टायच्या क्लिपा विकतो, बुटाच्या नाड्या विकतो, दंडावर स्वस्तिकाची पट्टी बांधून नाझींचं वर्तमानपत्रसुद्धा विकतो. पोटापुढे विचार कुठला! आणि हे १९२७-२८ सालचं बर्लिन आहे बरं का, महामंदी यायच्या आधीचं, ज्याला इतिहासवाले बरे दिवस म्हणतात.

डोब्लिनला हे जग ऐकीव नव्हतं. तो दहा वर्षांचा असताना वडील एका तरुणीबरोबर अमेरिकेला पळाले आणि आई मुलांना घेऊन बर्लिनला आली. पुढे तो डॉक्टर झाला, पूर्व बर्लिनच्या कामगार वस्तीत विमा योजनेतले गरीब रोगी तपासू लागला. म्हणून की काय, कादंबरीभर शहरच बोलत राहतं: जाहिराती, ट्रामचे थांबे, हवामान, बायबल, चौकात दणादण खांब ठोकणारं वाफेचं यंत्र. हस्तलिखितात त्याने वर्तमानपत्रांची कात्रणं चक्क डकवली होती. कत्तलखान्याचं प्रकरण तर मला एका बैठकीत संपवता आलं नाही. डुकरं, बैल, आकडे, भाव, आणि मध्येच बायबलमधल्या ईयोबाशी संवाद.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती एक लहानशी जागा. फ्रान्झ तुरुंगात गेला तो ईडाला मारल्याबद्दल. ती त्याला सोडून जाऊ पाहत होती. हत्यार कसलं, तर साय फेटायचं स्वयंपाकघरातलं साधन. तो प्रहार डोब्लिन न्यूटनच्या नियमांनी, गणिती सूत्रासह समजावतो! प्रथम हा चावटपणा वाटतो. मग लक्षात येतं, इथे हुंदका घातला असता तर आपण फ्रान्झला माफ करून मोकळे झालो असतो. परिस्थितीने माणूस बिघडतो हे खरं, पण बिघडलेल्या माणसाखाली चिरडते ती बाईच. गरिबीवरचं आपलं बरंच साहित्य हा दुसरा हिशेब मांडत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

याच डोब्लिनने १९२७ साली 'मानस' नावाचं महाकाव्य लिहिलं होतं. त्यात भारत आहे, शिव आहे, मृतांच्या प्रदेशातून नायकाला परत आणणारी सावित्रीसुद्धा आहे! या दोन पुस्तकांचं नातं त्याने स्वतःच सांगितलंय. बर्लिनमध्ये मात्र सावित्री नाही. मीत्से मरते आणि फ्रान्झ वेड्यांच्या इस्पितळात मृत्यूशी एकटाच बोलतो. तिथून निघालेला नवा, शहाणा फ्रान्झ एका कारखान्यात दुय्यम दरवान होतो. हा शेवट मला पटत नाही, घाईचा वाटतो.

फासबिंडरने १९८० साली यावर चौदा भागांची मालिका केली, तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. आपल्याला जवळचा वाटेल तो २०२० चा बुर्हान कुर्बानीचा चित्रपट. त्यातला नायक फ्रान्झ नव्हे, फ्रान्सिस. कागदपत्रांविना बर्लिनला पोचलेला निर्वासित, आणि तो येतो गिनी-बिसाऊहून, म्हणजे आपल्यासारख्याच एका जुन्या पोर्तुगीज वसाहतीतून.

डोब्लिन स्वतः ज्यू. २७ फेब्रुवारी १९३३ ला जर्मन संसदेची इमारत पेटली, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने बर्लिन सोडलं. मे महिन्यात त्याची पुस्तकं जाळली गेली.