उमऱ्याच्या वाटेवर मुंबईतला एक दिवस

मराठवाड्यातून हज किंवा उमऱ्याला जाऊन आलेल्या माणसाला विचारा, प्रवास कसा झाला? तो मक्केचे सांगेल, मदिनेचे सांगेल, जमजमचे सांगेल. मुंबईचा विषय काढला तर म्हणेल, "गर्दी लई, अन् टॅक्सीवाल्याशी हुज्जत." मुंबई आपल्याला वाटेतली एक अडचण वाटते. सकाळी उतरायचे, कुठेतरी सामान टाकायचे, रात्रीच्या विमानाची वाट पाहायची. मधल्या पंधरा-सोळा तासांना कुणी सफर म्हणत नाही.

आम्ही पूर्ण्याचे. आमच्या गावाला वाटेवरच्या थांब्याचे महत्त्व सांगावे लागत नाही, कारण गाव वाढले तेच जंक्शनवर. एक रूळ परभणी-मनमाडकडे, एक नांदेडकडे, एक हिंगोली-अकोल्याकडे. वाफेच्या इंजिनांच्या दिवसांत गाड्या इथे कोळसा-पाण्यासाठी थांबत आणि तेवढ्या वेळात फलाटावर चहा होई, ओळखी होत, कधी सोयरीकही जुळे. आता गाड्या दोन-चार मिनिटांत सुटतात, पण गावाची सवय गेलेली नाही. फलाटावर कुणी हजला निघालेला दिसला की अनोळखी माणूसही पुढे होऊन हात धरतो आणि म्हणतो, "आमच्यासाठी दुआ करा."

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे उमऱ्याला निघालो. बहात्तर वर्षांची अम्मी आणि आम्ही दोघे नवरा-बायको. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरली. ज्वारीच्या भाकरी, खिमा, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू एवढी शिदोरी सोबत होती. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. विमान रात्री उशिरा होते. जवळच एका गेस्टहाउसमध्ये दिवसभरापुरती खोली घेतली. अम्मीने पाय मोकळे केले, चहा घेतला आणि विचारले, "मुसाफिरखाना इथून किती लांब आहे?"

फार लांब नव्हता. हज हाउस स्टेशनच्या पलीकडेच आहे आणि तिथून थोडे पुढे, क्रॉफर्ड मार्केटजवळ, साबू सिद्दीक मुसाफिरखाना. आपल्या तरुण वाचकांना आज हज म्हटले की विमान आठवते. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. १९९५ पर्यंत मुंबई बंदरातून हाजींची जहाजे जिद्दाला जात होती. मोगल लाइन या कंपनीची 'मोहम्मदी', 'सौदी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही नावे त्या काळी घराघरांत माहीत होती. समुद्रात आठवडाभर तरी जाई आणि त्याआधी मुंबईत थांबावे लागे ते वेगळेच. कागद तपासणे, लस टोचून घेणे, तिकीट, परकीय चलन, सगळे इथेच होई. देशभरातून आलेली माणसे गाद्या-वळकट्या, तांदूळ-पीठ, भांडी आणि स्टोव्ह घेऊन मुसाफिरखान्यात उतरत. कुणी बिहारचा, कुणी हैदराबादचा, कुणी कोकणातला. एकमेकांची भाषा येत नसे, पण चूल शेजारी असे. हज हाउस झाल्यावर ही सोय बरीचशी तिकडे गेली.

आमचे आजोबा, म्हणजे अम्मीचे सासरे, याच मुसाफिरखान्यात अकरा दिवस राहिले होते. गोष्ट १९७०च्या सुमाराची. जहाजातल्या जागा कमी आणि अर्ज फार, म्हणून चिठ्ठ्या टाकून नावे काढत. आजोबांचे नाव निघाले नाही. पण आयत्या वेळी कुणाचे रद्द झाले तर जागा मिळते, असे त्यांनी ऐकले होते. रान विकून आलेले पैसे कमरेला बांधून ते पूर्ण्याहून निघाले. तेव्हा मनमाडपर्यंत मीटरगेज होती. मनमाडला उतरून, सामान डोक्यावर घेऊन, मोठ्या रुळाची गाडी धरावी लागे. अकरा दिवस ते रोज विचारत राहिले. त्यांच्या खोलीतले बाकी सगळे गेले. शेवटचे जहाज सुटले, तेव्हा आजोबा त्यांचे सामान उचलून द्यायला गेले होते. मग एहरामचे दोन पांढरे कपडे घेऊन ते परत आले. अम्मी तेव्हा नवी नवरी होती. तिला आठवते, दारात कुणीतरी विचारले, "काय झालं?" आजोबा म्हणाले, "बुलावा नव्हता. जाणाऱ्यांना पोचवून आलो." पुन्हा जाण्याइतके पैसे कधी जमले नाहीत. तेच कपडे त्यांच्या कफनाला लागले.

अम्मी रस्त्याच्या कडेला उभी राहून इमारतीकडे बराच वेळ पाहत होती. आत जायचे का, असे आम्ही विचारले. ती नको म्हणाली. म्हणाली, "ते इथून माघारी फिरले, आपण पुढं चाललो. आधी माझा उमरा, मग एक उमरा त्यांच्या नावानं. विसरू देऊ नका." आम्ही मुंबईला वाटेतला थांबा म्हणत होतो. आमच्या घरातल्या एका माणसाची वाट मात्र इथेच संपली होती.

तिला खोलीवर सोडून जोहरच्या नमाजला आम्ही जामा मशिदीत गेलो. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या शेख मेमन स्ट्रीटवर, कापड आणि सोन्याच्या दुकानांच्या गर्दीत ही मशीद आहे. बांधकाम १७७५ मध्ये सुरू झाले आणि १८०२ मध्ये पुरे झाले. आत मोठा जुना हौद आहे. त्याला झऱ्याचे पाणी येते आणि त्यात मासे फिरतात. हौदातून उठलेल्या सोळा काळ्या दगडी कमानींवर वरची इमारत उभी आहे. बाहेर हातगाड्यांचा गोंगाट आणि आत वुजूच्या पाण्याचा आवाज. कितीतरी हाजींनी जहाजावर चढण्याआधी इथे वुजू केला असेल.

इथेच एक मसला ताजा झाला. हनफी मसलकाप्रमाणे, सुमारे ७७-७८ किलोमीटरहून लांब निघालेला आणि एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी थांबणारा माणूस मुसाफिर ठरतो. तो जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोनच पढतो. पण मुकीम इमामाच्या मागे उभा राहिला तर पूर्ण चार. फजर आणि मगरिबमध्ये कसर नाही. म्हणून आम्ही जमातीत चार पढल्या आणि अम्मीने खोलीवर दोन. वाटेतल्या थांब्यालाही शरीयतने किती बारकाईने जागा दिली आहे, हे त्या दिवशी जाणवले.

संध्याकाळी मोहम्मद अली रोडवर एहरामचा पट्टा आणि चपला घेतल्या. एहरामबद्दल थोडे सांगायला हवे. जहाजाने जाणाऱ्या आपल्या लोकांची मीकात यलमलम होती आणि तिथे पोचायला दिवस लागत. विमान पाच-साडेपाच तासांत जिद्दाला उतरते आणि मीकात त्याआधी आकाशातच येऊन जाते. विमानात कपडे बदलणे अवघड. म्हणून गुसल करून मुंबईतच एहराम बांधावा आणि नियत व तलबिया मीकातच्या आधी, घोषणा झाली की करावी. डोळा लागण्याची भीती असेल तर विमान सुटतानाच नियत केलेली बरी.

ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्यांना एक सुचवतो. तिकिटे अशी काढा की मुंबईत एक दिवस हाताशी राहील. गाडी उशिरा आली तर विमान चुकत नाही, हा एक फायदा. म्हाताऱ्या माणसाला रात्रभराच्या रेल्वेनंतर पाठ टेकता येते, हा दुसरा. औषधे एका हातपिशवीत वेगळी ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि निघण्याआधी घरात विचारा, आपल्यापैकी जहाजाने कोण गेले होते, मुंबईत कुठे उतरले होते, आणि कोण जाता जाता राहिले. उत्तर देणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

उमरा झाला. सहाव्या दिवशी अम्मीने आजोबांच्या नावाचा उमराही पूर्ण केला. मरवाहून खाली येताना तिचे गुडघे दुखत होते, पण व्हीलचेअर नको म्हणाली. अल्लाह त्यांचा आणि ज्यांचे नाव चिठ्ठीत निघाले नाही त्या सगळ्यांचा इरादा कबूल करो. आमीन.