हँडलवरची बॅग

काळ्या रेग्झिनची बॅग. एक बंद तुटलेला, तिथे सुतळीची गाठ. चेन अर्ध्यावर अडते, म्हणून ती कायम थोडी उघडीच, आणि आतून स्पिरिटचा वास. शेगावपलीकडे, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत ती मोटरसायकलच्या हँडलला लटकून फिरायची. तिची चाहूल लागली की खाटेवरची म्हातारी उठून बसायची.

मालकाकडे डिग्री नव्हती. काही वर्षं कंपाउंडरकी केली, तेवढीच विद्या. १९६१च्या वैद्यक व्यवसायी कायद्यापुढे त्याचा धंदाच गुन्हा. पण कपाशीच्या वेचणीत मजुरी बुडवून शेगाव गाठणं कसं असतं, ते बॅगेला ठाऊक होतं. ती रात्री दहालाही यायची आणि उधारीवर थांबायची.

त्यामुळे खोकला सगळ्यांआधी तिच्याच कानी. माझ्या मामाचाही. "डाक्टर, येक सुई देऊन द्या ना," मामा म्हणायचा. मग डेक्सोनाची सुई, वर लेव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या. चार दिवस बरं वाटायचं. स्टेरॉइडने ताप दबतो. लेव्होफ्लॉक्सासिनची गोळी क्षयाच्या जंतूला थोडी दमवते, एकटी पुरता मारत नाही, आणि निदान लांबतं. मामाचे तीन महिने असेच गेले, सदरा अंगावर लोंबायला लागला. त्या तीन महिन्यांसाठी मी बॅगेला फार दिवस माफ केलं नाही.

पण राग एकट्या तिच्यावर काढणंही खरं नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका अभ्यासात शंभरेक खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ऐंशी वेगवेगळे उपचार लिहून दिले होते.

भीती वाटायची ती तिच्या पोटातल्या सुईची. २०१८ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला कितीतरी जणांना एचआयव्ही निघाला, आणि बोट एका भोंदू डॉक्टरच्या पुन्हापुन्हा वापरलेल्या सुईकडे गेलं. ही बातमी वाचताना मला तीच अडकलेली चेन दिसली. ती सुई तिच्यातून निघायलाच हवी, यात तडजोड नाही. बॅग मात्र राहावी असं मला वाटतं. पश्चिम बंगालात अशा डॉक्टरांना शिकवून पाहिलं, तर रोग ओळखून योग्य इलाज करणं सुधारलं. नको ती औषधं देणं मात्र सुटलं नाही.

आमच्याकडे क्षयरोगाच्या सुपरवायझरने तिच्या बाहेरच्या कप्प्यात थुंकीच्या डब्या ठेवल्या. दोन आठवड्यांवर खोकला असला की सुई नाही, डबी. "आज सुई नाई, भाऊ. यात थुका दे," मालक म्हणाला. मामा रुसला. एक डबी लगेच भरली, दुसरी पहाटेची. क्षय निघाल्यावर नियमाप्रमाणे एचआयव्हीची चाचणीही करायची होती. ते नाव ऐकून मामाचे पाय गळाले. कोणी पाहिलं तर? घरच्यांपैकी कोणाबरोबर जायला तो तयार होईना. मालकाबरोबर गेला. बॅग मध्ये ठेवून दोघं दवाखान्याच्या बाकावर बसले. ती चाचणी निगेटिव्ह आली.

तेव्हा औषध एक दिवसाआड, कोणाच्या तरी नजरेसमोर घ्यायचं असे. मामाच्या नावाचा गोळ्यांचा खोका मालकाने आपल्याकडे ठेवून घेतला. पहिले दोन महिने एका वेळी सात गोळ्या. मामा तांब्या हातात घेऊन ओसरीत बसायचा, एकेक गिळायचा, आणि सातवी घशाखाली उतरेपर्यंत बॅग खाटेच्या पायाशी थांबायची.