पोचल्याची तार

बंगळूरच्या पूर्व अंगाला महादेवपुरा म्हणून जो भाग आहे, तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतका बदलला की जुन्या रहिवाशालाही तेथील तळ्याची वाट आता विचारून घ्यावी लागते. रागीची शेते गेली, काचेच्या इमारती आल्या. याच भागात मारतहळ्ळीच्या बाजूला, सातव्या मजल्यावर, एक मराठी गृहस्थ राहतात. यंत्रसामग्री विकणाऱ्या एका कंपनीच्या कामासाठी १९७८ पासून जवळजवळ पस्तीस वर्षे त्यांनी विमानाने प्रवास केला. आता ते कोठेही जात नाहीत. सकाळचा चहा घेऊन सज्जात बसतात आणि एच्. ए. एल्.च्या धावपट्टीकडे जाणारे एखादे विमान दिसले तर ते नजरेआड होईपर्यंत पाहत राहतात.

पूर्वी ही विमाने दिवसभर जात. २००८ च्या मे महिन्यात देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि प्रवाशांची नियमित विमाने तिकडे गेली. जुन्या धावपट्टीवर आता लष्करी विमाने, चाचणीची विमाने आणि धनिकांची खाजगी विमाने तेवढी उतरतात. गृहस्थांना यात एक सोय दिसते. आता त्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानात ओळखीचे कोणी असण्याचा संभव नाही. त्यामुळे बघण्यात काळजी मिसळत नाही.

मारतहळ्ळी या नावात मराठी माणसाला 'मराठा' ऐकू येतो. शहाजीराजांच्या जहागिरीचे शहर म्हटल्यावर असे कान होणारच. दुसरे कोणी सांगतात की १९६१ साली येथे प्रथम उडालेल्या 'मरुत' या लढाऊ विमानावरून हे नाव पडले. गृहस्थ दोन्ही व्युत्पत्त्या हसून सोडून देतात. गावे विमानांच्या पुष्कळ आधीची असतात, एवढेच म्हणतात. मात्र या धावपट्टीशी आपले काही नाते आहे असे त्यांना मनापासून वाटते, आणि त्याचे कारण सोलापूर. ते सोलापूरचे. वालचंद हिराचंदही सोलापूरचे, १८८२ चा जन्म. १९३९ साली पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली, आणि तेथल्या बोलण्यातून हिंदुस्थानात विमाने बांधण्याचा विचार पुढे सरकला. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, भांडवलात वाटा घेतला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी बंगळुरात स्थापन झाली. पुढे युद्ध दाराशी आले. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. नंतर अमेरिकन हवाईदलाची विमाने येथे दुरुस्तीला येऊ लागली. शेजारच्या आसनावरील माणसाशी बोलावे, असे गृहस्थ तरुणांना सांगत असत, आणि पुरावा म्हणून ही गोष्ट देत असत. हल्ली सांगत नाहीत. हल्ली शेजाऱ्याच्या कानात बोंडे असतात.

खिडकीतून पाहिले की पृथ्वीवर सीमा दिसत नाहीत, असे एक वाक्य प्रवासवर्णनांतून वारंवार भेटते. पस्तीस वर्षांच्या अनुभवानंतर या गृहस्थांना ते वाक्य साफ खोटे वाटते. जमिनीवरची सीमा एखादा गुराखी नकळत ओलांडू शकतो. आकाशातली सीमा कोणी नकळत ओलांडत नाही. ती वैमानिकाच्या नकाशावर असते, इंधनाच्या हिशेबात असते, आणि प्रवाशाच्या घड्याळात तर असतेच. बालाकोटनंतर, २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत, पाकिस्तानचे आकाश बंद होते. दिल्लीहून युरोपला निघालेली विमाने आधी दक्षिणेला वळत आणि अरबी समुद्रावरून जात. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले, आणि युरोपीय कंपन्यांना रशियाच्या आकाशाचा जवळचा रस्ता बंद झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामनंतर पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना पुन्हा मिटले. वर्तमानपत्रांतील अग्रलेखांपेक्षा विमाने पोचण्याच्या वेळांवरून जगाची प्रकृती अधिक नेमकी कळते, असे त्यांचे मत आहे. ते थोडे एकांगी आहे. परंतु निराधार नाही.

याच संदर्भात ते 'काश्मीर प्रिन्सेस'ची आठवण काढतात. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर-इंडियाचे हे विमान बांडुंग परिषदेसाठी निघालेली मंडळी घेऊन हाँगकाँगहून जकार्ताकडे निघाले. चौ एन-लाय त्यात असतील या समजुतीने त्यात स्फोटक ठेवलेले होते. ते त्या विमानाने निघालेच नाहीत. विमान दक्षिण चीनच्या समुद्रात पडले. एकोणीसपैकी सोळा जण गेले. प्रवाशांपैकी एकही वाचला नाही. कप्तान जटार पेटलेले विमान पाण्यावर उतरवू पाहताना गेले; दीक्षित, पाठक आणि विमान-अभियंता कर्णिक हे तिघे पोहून वाचले, आणि कर्णिकांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिले. जटार, दीक्षित, कर्णिक ही आडनावे मराठी कानांना किती घरची! पुण्यामुंबईच्या कोणत्याही चाळीच्या पाटीवर शोभावीत अशी. आणि आशियाच्या राजकारणाने त्यांना गाठले ते अशा समुद्रावर, ज्याचे नावही त्या चाळीत कोणी घेतले नसेल. गृहस्थ तेव्हा जन्मलेही नव्हते. ही हकिकत त्यांनी आईच्या तोंडून प्रथम ऐकली.

आईने ती उगाच सांगितली नव्हती. मुलाच्या पहिल्या विमानप्रवासाच्या आदल्या रात्री, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून देताना सांगितली होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "पोचल्यावर तार कर." तेव्हा विमानाने जाणाऱ्याला निरोप देण्यास घर लोटत असे; हार, नारळ, डोळे पुसणे सारे यथासांग होई. तार मात्र केवळ आईने मागितली. त्यांनी केली: 'रीच्ड सेफली', आणि खाली नाव. पुढे ती रीतच पडली. फ्रँकफुर्टहून, नैरोबीहून, तोक्योहून, आणि नुसत्या मुंबईहूनसुद्धा. घरी टेलिफोन आला तरी तिने तार सोडू दिली नाही. फोनवरचा आवाज नंतर हातात राहत नाही, हे तिचे कारण होते.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला येणारे एअरबस विमान एच्. ए. एल्.च्या धावपट्टीअलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळले. १४६ पैकी ९२ माणसे गेली. गृहस्थ दोनच दिवसांपूर्वी त्याच मार्गाने आले होते, आणि कामाच्या घाईत त्या वेळची तार राहून गेली होती. सोलापुरात बातमी पोचली ती आकाशवाणीवरून. आईला तारीख ठाऊक नव्हती. मुलगा मुंबईहून यायचा आहे, एवढेच ठाऊक होते. शेजारच्या दुकानातून फोन लागेपर्यंत रात्र झाली. त्या सहा-सात तासांबद्दल ती पुढे कधीही बोलली नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. त्यानंतर एकही तार चुकली नाही. १५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवाच बंद झाली, तेव्हा त्यांचे प्रवासही जवळजवळ संपले होते.

२०२० च्या मे महिन्यात आई गेली. २५ मार्चपासून देशांतर्गत प्रवासी विमाने जमिनीवर होती. रेल्वे नेहमीसारखी नव्हती. दोन राज्यांच्या सीमेवर परवाना लागत होता. महादेवपुरा ते सोलापूर हे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. एवढे अंतर त्यांनी आयुष्यात किती वेळा न्याहारी आणि जेवण यांच्या दरम्यान तोडले होते! परवाना मिळाला तो तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत धाकट्या भावाने सर्व उरकले होते, चार माणसांत. त्यांनी तो परवाना वापरला नाही. ज्याने अर्धे जग पायाखाली घातले त्याला सोलापूर गाठता आले नाही, असे नातेवाईक हळहळून म्हणाले. त्यांना त्या वाक्यातील अलंकाराचा राग आला. गाडी काढून नाक्यापर्यंत जाऊन पाहता आले असते. ते गेले नाहीत, सज्जात बसून राहिले. सीमा बंद होती हे खरे, पण किती बंद होती हे त्यांनी जाऊन पाहिले नाही. याचा दोष ते आजही जागतिक साथीवर ढकलत नाहीत.

दिवाळीनंतर भावाने एक बिस्किटांचा जुना डबा पाठवला. त्यात तारा होत्या, वर्षवार, दोऱ्याने बांधलेल्या. १९९० च्या गठ्ठ्यात फेब्रुवारीच्या जागी एक कोरा कागद घडी करून ठेवलेला होता.

सोलापूरच्या विमानतळाची कथा निराळीच आहे. वालचंदांच्या गावाला नियमित विमानसेवा फार काळ टिकली नाही. धावपट्टीच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडण्यात आली; ती पाडावी की नाही यावर गावात वर्षानुवर्षे भांडण चालले होते. अखेर २०२५ च्या जूनमध्ये विमान आले. पुतण्याने उत्साहाने फोन केला.

"काका, आता सोलापूरला विमानानं येता येईल!"

"कुठून येतं रे?"

"गोव्याहून."

गृहस्थ बराच वेळ हसले. मग त्यांनी उद्यान एक्सप्रेसचे तिकीट काढले, खालची बर्थ मागून. ती रात्री बंगळूर सोडते आणि सकाळी सोलापुरात पोचवते. भावाला त्यांनी पोस्टकार्ड टाकले की स्टेशनवर येऊ नये. निघताना कोरा कागद त्यांनी पाकिटात ठेवला. सोलापुरात उतरल्यावर, फलाटावरच्या बाकावर बसून, त्यावर काही लिहावे की तो तसाच ठेवावा, हे अजून त्यांचे ठरलेले नव्हते.