परमुखातून आलेला शब्द

चैत्र महिन्यात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, तेलंगणातून आलेले भाविक झरपट नदीत स्नान करून देवीच्या दर्शनाला जातात. वाद्यांच्या गजरात एखाद्या स्त्रीच्या अंगात देवी येते. तिचे केस मोकळे सुटतात, आवाज पालटतो आणि भोवतालची माणसे हात जोडून विचारू लागतात : मुलीचे लग्न केव्हा जमेल, दुखणेकरी उठेल का, गेलेला माणूस सुखात आहे ना? गडचिरोलीच्या सीमेवरील इंद्रावती ओलांडून बस्तरात गेले, तर तेथे गावकरी आंगादेवाचे लाकूड खांद्यावर घेतात आणि त्याच्या हेलकाव्यांतून उत्तरे वाचतात. आपण ख्रिस्ती माणसे हे सारे दुरून पाहतो आणि ‘हे आपले नव्हे’ असे मनाशी म्हणून पुढे जातो.

परंतु त्या हात जोडलेल्या माणसांची भूक मात्र आपलीही आहे. देवाने आपल्याशी, आपल्या नावाने, आजच्या दिवसाविषयी बोलावे असे कोणाला वाटत नाही? म्हणून तर आपल्याही घराघरांतून वह्या आणि पुस्तिका फिरत असतात. कोठल्या तरी दूरच्या देशातील कोणा भाविकाला प्रभूने किंवा पवित्र मातेने सांगितलेले संदेश त्यांत उतरवलेले असतात. अशी एक वही आमच्या घरीही आली होती.

आमचा धाकटा भाऊ अकाली गेला, त्यानंतरचे ते दिवस होते. आई ख्रिस्तयागाला जाई, परंतु तिच्या ओठांतून प्रार्थना उमटत नसे. शेजारच्या बाईंनी ती झेरॉक्स केलेली वही आणून दिली. तिच्यातील एका संदेशाचा आशय असा होता की, गेलेल्याला माझ्या हाती ठेव आणि तुझ्या दाराशी जो उरला आहे त्याच्याकडे पाहा. आई त्या पानाशी कितीतरी वेळ थांबली. आमच्या गल्लीत क्षयाने खंगलेला एक मजूर एकटाच राहत असे. दुसऱ्या दिवसापासून भावाच्या वाटणीची भाकरी त्या माणसाकडे जाऊ लागली. तो शब्द खरोखर प्रभूचा होता की लिहिणाऱ्या बाईच्या कोमल मनाचा, हे आम्हांस सांगता येणार नाही. आईने ते कधी विचारलेही नाही. भाकरी मात्र खरी होती.

ख्रिस्तसभेची या बाबतीतील भूमिका आपण समजतो त्याहून अधिक सूक्ष्म आहे. प्रभू येशूच्या ठायी देवाचे प्रकटीकरण पूर्ण झाले आहे. त्यानंतरची खासगी प्रकटीकरणे त्यात भर घालू शकत नाहीत. एखाद्या काळात ते प्रकटीकरण अधिक उत्कटतेने जगण्यास ती साहाय्य करू शकतात, इतकेच. त्यांच्यावर श्रद्धा ठेवण्याचे बंधन कोणावरही नाही. ज्या संत फॉस्तिना यांची दैवी करुणेची माळ आज आपल्यापैकी अनेक जण दुपारी तीन वाजता जपतात, त्या पोलंडमधील एक साध्या धर्मभगिनी होत्या. १९३८ साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी त्या निवर्तल्या. प्रभूने आपणास सांगितले ते त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले होते. त्या लेखनाच्या प्रसारावर रोमने १९५९ मध्ये बंदी घातली, १९७८ मध्ये ती उठवली आणि ३० एप्रिल २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद बहाल केले. मेजुगोरे येथील दर्शनांना १९८१ मध्ये प्रारंभ झाला. त्याविषयी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये रोमने जे सांगितले, तेही असेच तोलून मापून होते. दर्शने अलौकिक आहेत असा निर्वाळा दिला नाही. तेथील भक्तीला लागलेली चांगली फळे पाहून तिला मोकळीक तेवढी दिली. आवाज कोणाचा, यावर निकाल देण्याची घाई नाही. फळ कसे आले, याची पारख मात्र कसोशीने केलेली आहे.

अशी पारख न झाल्यास काय होते, हे आमच्या या वनप्रदेशाने पाहिले आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यांत स्त्रिया होत्या, वृद्ध होते. २०२४ च्या मे महिन्यात एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे अशाच संशयाने एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जाळून ठार करण्यात आले. अंगात संचार झाल्याचे सांगून लोकांत भय पसरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. कोणावर करणीचा आळ घेणे हाही. पण दुःखाने पिचलेल्या माणसाला त्याच्या दुःखाचे कारण म्हणून शेजाऱ्याचे नाव मिळाले, की कायदा फार दूर राहतो. गावात असो वा वहीत, ‘तुझ्या दुःखाचे मूळ तो अमका’ असे सांगणारा शब्द ऐकणाऱ्याला सांत्वन देत नाही. त्याच्या हाती दगड देतो.

त्याच वहीचा दुसरा भाग पुढे आमच्या घरी आला. त्यात अंधाराचे दिवस येणार असल्याचे लिहिले होते. मेणबत्त्या साठवा, दारे लावून घ्या, शंका घेणाऱ्यांची संगत टाळा, अशी आज्ञा होती. आईने चार पाने वाचली आणि वही मिटली. ‘देव का भेव दाखवून घरात कोंडते का?’ एवढेच ती म्हणाली. ज्या वहीने तिला दाराबाहेर पाठविले होते, तीच आता दार लावण्यास सांगत होती. आईने पहिले पान ठेवले आणि दुसरा भाग परत केला. तिला धर्मशास्त्र शिकविलेले नव्हते, पण संत पॉलने थेस्सलनीकाकरांना दिलेला उपदेश तिने अक्षरशः पाळला : आत्म्याला विझवू नये, सर्व काही पारखावे आणि जे चांगले ते धरून ठेवावे.

बाल शमुवेलाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. हाक त्याला ऐकू आली, पण ती कोणाची हे त्याला कळले नाही. ते ओळखावयास वृद्ध एलीची गरज लागली. संदेश एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. शमुवेलाने त्याचा डंका पिटला नाही. विचारल्यावर भीत भीत सांगितला. आणि एलीने तो दुसऱ्या कोणावर न लोटता नतमस्तक होऊन स्वतःवर घेतला. ऐकणारा नम्र, सांगणारा निरिच्छ आणि मध्ये पारख करणारे एक वडीलधारे माणूस, असे तिघे असले म्हणजे शब्द सुरक्षित राहतो.

म्हणून अशी वही घरी आली, तर ती भीतीने फेकून देऊ नये आणि शुभवर्तमानाशेजारीही ठेवू नये. आपल्या धर्मगुरूंना दाखवावी. ती वाचून आपण कोणाच्या अधिक जवळ गेलो आणि कोणापासून दूर झालो, हे शांतपणे पाहावे. परमुखातून आलेल्या शब्दाचा अर्थ त्या मुखात शोधून सापडत नाही. तो ऐकून आपली पावले कोणाच्या दाराकडे वळली, तेथे तो कळतो.